कॅव्हिटी दोनचा कोपरा

चाकणच्या आमच्या लाइनवर गाडीच्या इंजिनाजवळ बसणाऱ्या सेन्सरची डबी बंद होते. खाली सर्किट बसवलेलं हाउसिंग, वर दोन मिलिमीटर जाडीचं कव्हर. दोन्ही ३० टक्के काचतंतू घातलेल्या पीबीटी प्लास्टिकचे. स्क्रू नाही, गोंद नाही, लेझरने वेल्ड. त्या मे महिन्यात एका सकाळी लीक टेस्टवर एकामागून एक डब्या नापास व्हायला लागल्या आणि दहाच्या सुमारास लाइन थांबवावी लागली. वेल्डिंग मशीन मात्र प्रत्येक डबीला हिरवा दिवा देत होतं.

हाउसिंगच्या प्लास्टिकमध्ये कार्बन ब्लॅक, म्हणजे अतिशय बारीक काजळी असते. कव्हर डोळ्यांना तेवढंच काळं दिसतं, पण त्यात काजळी नसते. त्यातला रंग दिसणारा प्रकाश अडवतो आणि आमच्या लेझरचा ९८० नॅनोमीटरचा अदृश्य प्रकाश सोडतो. किरण कव्हरमधून पार होऊन हाउसिंगच्या कडेवर पडतो, काजळी तो शोषते आणि २२५ अंशांच्या आसपास कड वितळते. वरच्या कव्हरला वितळवते ती मुख्यतः खालून आलेली उष्णता. म्हणून दोन्ही भाग घट्ट दाबून धरावे लागतात. मध्ये फट राहिली तर खालचं जळतं आणि वरचं कोरडंच राहतं. आरसे किरणाला कडेवरून इतक्या वेगाने पुन्हा पुन्हा फिरवतात की सगळी कड एकदमच मऊ होते आणि कव्हर मिलिमीटरचे काही दशांश खाली बसतं. मशीन मोजतं ते हे बसणं. मला ही पद्धत मनापासून आवडते, कारण आतल्या नाजूक सोल्डरिंगला हादरा बसत नाही आणि भुकटीही पडत नाही.

प्रॉडक्शनचं म्हणणं, लेझरची पॉवर वाढवा. संध्याकाळी माल जायचा होता, त्यांची घाई खरी होती. तरी मी नाही म्हटलं. पॉवर वाढली की सगळ्या कडेवर वाढते. जिथे आधीच नीट वितळतंय तिथे प्लास्टिक जळून बुडबुडे येतात, आणि असा जोड आज टेस्ट पास होऊन दोन पावसाळ्यांनी तडकू शकतो.

नापास डब्या फोडायला घेतल्या. चांगला जोड उकलत नाही, फाटतो, आणि फाटलेल्या जागी काचतंतू खुंटासारखे उभे दिसतात. इथे बाकी सगळी कड तशीच फाटली, पण एक कोपरा अलगद सुटला. कव्हरची बाजू तिथे गुळगुळीत, जवळजवळ न वितळलेली. प्रत्येक डबीत तोच कोपरा. ऑपरेटर मुलगी फोडलेली कव्हरं उलटी मांडून ठेवत होती. तीच म्हणाली, "मॅडम, सगळ्यांवर दोनच आहे बघा." कव्हरच्या मोल्डमध्ये, म्हणजे साच्यात, दोन कॅव्हिटी, म्हणजे कव्हरच्या आकाराच्या पोकळ्या, आहेत आणि कव्हरच्या आतल्या बाजूला कॅव्हिटीचा आकडा उमटतो.

कव्हरं वेगळी करून दोन्ही प्रकार वेल्ड केले. दोन नंबरची कव्हरंही ठरलेल्या मापापर्यंत बसत होती, म्हणून हिरवा दिवा. पण बसायला जास्त वेळ घेत होती. मग कव्हरखाली पॉवर मीटर धरला. पीबीटी मुळातच प्रकाश विखुरतं, निम्म्याहून बराच कमी प्रकाश पार होतो. त्या कोपऱ्यात तर इतर जागांच्या जेमतेम दोन तृतीयांश येत होता.

दुपारी भोसरीला मोल्डिंगवाल्यांकडे गेले. मटेरियलचा ग्रेड तोच, रंगाची मास्टरबॅच, म्हणजे प्लास्टिकमध्ये मिसळायचे रंगाचे दाणे, तीच, कंट्रोलरवर मोल्डचं तापमान ८० अंश. तिथल्या जुन्या फोरमनना सगळे काका म्हणतात. ते म्हणाले, "हा आकडा पाण्याचा आहे, मॅडम. लोखंडाचा बघू." त्यांनी प्रोब थेट मोल्डला लावला. दोन नंबरच्या त्या कोपऱ्यात तापमान बरंच वर होतं. मोल्डमधून पाणी फिरवणारा कूलिंग चॅनल उघडला तर बोअरच्या पाण्याच्या क्षारांनी तो जवळजवळ बुजलेला.

कोपरा गरम राहिला की प्लास्टिक तिथे सावकाश थंड होतं. मग त्यात स्फटिक जास्त आणि मोठे तयार होतात आणि लेझरचा प्रकाश त्यांच्यावर विखुरतो. कव्हरचा रंग तोच, मापं मर्यादेत. त्यांच्या तपासणीत हे सापडणं शक्यच नव्हतं, आणि मी त्यांना तसं स्पष्ट सांगितलं. ज्या गुणावर आमचा जोड उभा आहे तो आम्ही ड्रॉइंगवर मागितलाच नव्हता.

चॅनल ॲसिडने साफ केला, रात्री नवी कव्हरं आली, पॉवर होती तीच ठेवून वेल्ड केली आणि लीक टेस्ट पास झाली. काकांनी पाण्याचा कठीणपणा काढणाऱ्या सॉफ्टनरची मागणी त्याच रात्री लिहून दिली. आता ड्रॉइंगवर चारही कोपऱ्यांसाठी किमान किती लेझर पार व्हायला हवा ते लिहिलं आहे. मोजायचं यंत्र त्यांनी घ्यावं की आम्ही द्यावं, यावर अजून चर्चा चालू आहे. माझं मत, आम्हीच द्यावं आणि ते मोल्डिंग मशीनच्या शेजारी ठेवावं, कारण माल चाकणला पोचेपर्यंत त्या मोल्डमधून हजारो कव्हरं निघालेली असतात.