ट्राकेनर, आठवडा सहावा: डाग कोणता द्यायचा?

मंडळी, मागच्या रविवारी माझ्या क्लेच्या घोड्याचा, ट्राकेनर जातीच्या, तारेचा सांगाडा उभा होता. सोमवारी सकाळी पाहिलं तर मागचा उजवा पाय खचून घोडं चक्क बसायला निघालेलं. तार बारीक घेतली होती, दुसरं काय! पाय सोडवून दुहेरी पीळ दिला, आता ठीक आहे. प्रमाण एकास नऊ, म्हणजे 165 सेंटीमीटरचा घोडा माझ्या टेबलावर साधारण 18 सेंटीमीटरचा.

पण खरा घोळ क्लेचा. हात सवयीने जाडजूड घोडा घडवतो आणि ट्राकेनर तसा नाही. जर्मन वॉर्मब्लडमधला, म्हणजे तिथल्या स्वारीच्या घोड्यांच्या जातींमधला, हा सगळ्यात सडपातळ. बाकीच्या जातींत एकमेकींचं रक्त सहज मिसळतं. यांच्या नोंदवहीत मात्र बाहेरचं म्हणजे थरोब्रेड (शर्यतीचा घोडा), अरबी किंवा त्या दोघांचा संकर, एवढंच चालतं. म्हणून कपाळ रुंद, नाकाडाकडे निमुळतं होत गेलेलं, डोळे मोठे, मान लांब. तीन दिवस मी नुसता क्ले खरवडत होतो. गालाचं हाड दिसायला लागलं तेव्हा कुठे ‘हा तोच’ असं वाटलं.

मग अडलो डागावर, म्हणजे घोड्याच्या कातडीवर डागून उमटवतात त्या खुणेवर. 1732 साली प्रशियाच्या फ्रीडरिश विल्हेल्म पहिल्याने पूर्व प्रशियात ट्राकेनेनची पागा उभारली. त्या पागेच्या घोड्यांवर एल्कच्या (मोठ्या हरणाच्या) एका शिंगाचा डाग असे. आसपासच्या शेतकऱ्यांकडे पैदा झालेल्यांवर दोन शिंगांचा. म्हणजे एक शिंग उमटवलं की माझा घोडा सरकारी पागेतला, राजेशाही थाटाचा. मोह होताच. तिथल्याच नामांकित घोड्याच्या, टेम्पेलह्युटरच्या, 1932 च्या पुतळ्याचे फोटो समोर लावून तर सुरुवात केली होती!

शेवटी दोन शिंगं घेतली. कारण दुसऱ्या महायुद्धातला 1945 चा जानेवारी. रशियन फौजा जवळ आल्यावर शेतकऱ्यांनी याच घोडींना गाड्यांना जुंपलं आणि गोठलेल्या फ्रिशेस हाफ या खाजणाच्या बर्फावरून पश्चिमेची वाट धरली. वरून विमानांचा मारा, खाली तडकणारा बर्फ. बऱ्याच घोडी गाभण होत्या. हजारोंपैकी जेमतेम हजारभर पश्चिमेला पोचल्या आणि त्यांच्यावरच 1947 पासून ट्राकेनर पैदास करणाऱ्यांची नवी संघटना उभी राहिली. पॅरिस ऑलिंपिकला 2024 मध्ये ड्रेसाजचं (घोड्याच्या शिस्तबद्ध चालींच्या स्पर्धेचं) सुवर्ण जिंकणारी डालेरा घोडी ट्राकेनरच.

तांब्याची तार वाकवून नखाएवढी दोन शिंगं केली, डाव्या पुठ्ठ्यावर दाबली. पहिल्यांदा जोर जास्त झाला, खड्डाच पडला. भरून, गुळगुळीत करून पुन्हा. दुसऱ्यांदा नीट उमटली.

आता गंमत अशी की तीन दिवस जे पोट तासून आत घेतलं, तिथे परत क्ले चढवतोय. माझा घोडा आता त्या जानेवारीतली घोडी झालाय, आणि ती गाभण आहे ना. पुढच्या रविवारी जुंपणीचे पट्टे. चामड्याऐवजी काय वापरता ते कळवा, माझे प्रत्येक वेळी जाड होतात.