रुळांपलीकडचं स्थळ

होल्लोंगापारच्या अभयारण्यातून आल्यापासून ज्याला त्याला हुलॉक गिबनचा चेहराच बघायचाय. साहजिक आहे. पांढऱ्याशुभ्र भुवया, नर काळाभोर, मादी सोनेरी. शिवाय आपल्या रानांत राहणारा शेपूट नसलेला कपी असा हाच, गोरिला-ओरांगउटानचा धाकटा भाऊबंद. चेहऱ्याचे फोटो मिळालेत, मनासारखे मिळालेत. पण तिथल्या रोपांच्या निधीसाठी मी सगळ्यात मोठी प्रिंट काढणार आहे, तिच्यात गिबन एवढासा दिसतो आणि खाली रेल्वेचे रूळ आहेत.

आसामात जोरहाट जिल्ह्यात, मरियानीजवळ हे अभयारण्य आहे. जेमतेम २१ चौरस किलोमीटर, भोवती चहाचे मळे आणि मधून आगगाडी. एका अंगाला सुमारे १५० हेक्टरचा तुकडा पडलाय, बाकीचं जंगल दुसऱ्या अंगाला. आता गिबन जमिनीवर सहसा उतरतच नाही. हातांनी झुलत, या फांदीवरून त्या फांदीवर, असं त्याचं सगळं आयुष्य उंचावर जातं. वयात आलेलं पोर आईबापांना सोडून जोडीदार शोधायला निघतं आणि रुळांपाशी अडतं. पलीकडे स्थळ असून उपयोग काय? रेल्वेने लोखंडी पूल उभारला होता, गिबनांनी तो आपलासा केला नाही. शास्त्रज्ञांनी दोरांचे पूल सुचवलेत. पण खरी वाट झाडांचीच, आणि झाडं वाढायला वर्षं लागतात.

आमची सहलच त्यासाठी होती. प्रत्येकाने निघण्याआधी ओळखीपाळखीत निधी जमवायचा, तो तिथल्या लोकांच्या रोपवाटिकेला द्यायचा. मी भीमाशंकरच्या शेकरूचे फोटो विकले. शेजारच्या काकूंनी एक घेतला, वर सोसायटीतल्या चौघींना घ्यायला लावला. त्या पैशांतून गिबन ज्यांची फळं खातो अशा झाडांची रोपं लागली, हे काकूंना सांगताना फार बरं वाटलं.

फोटोंचं सांगते, कारण बरेच जण विचारतात. उजाडलं की काही वेळाने जोडपं गायला लागतं. नर-मादी एकमेकांत सूर मिसळतात आणि सगळं जंगल दुमदुमतं. आवाजाच्या दिशेने चालायचं. हत्तींमुळे बंदूकधारी वनरक्षक सोबत असतोच. वर होलोंगची प्रचंड उंच झाडं, त्यांच्या शेंड्यांमागे पांढरं आभाळ आणि त्यावर काळा नर. कॅमेऱ्याच्या प्रकाशमापकावर विसंबलं तर नुसती सावली येते. मी एक्स्पोजर, म्हणजे आत येणारा प्रकाश, दीड-दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट) वाढवत होते. आभाळ पांढरंफटक झालं तर होऊ दे, डोळे दिसले पाहिजेत. सोनेरी मादी आली की एक्स्पोजर लगेच खाली आणायचं. झुलताना पकडायचं तर शटर १/१००० सेकंद तरी हवं, म्हणून आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाची संवेदनशीलता) ३२०० ला घाबरून चालत नाही. फ्लॅश नाही. आणि रेकॉर्ड केलेली हाक वाजवून बोलावणं तर अजिबात नाही! त्याला वाटतं, आपल्या हद्दीत कुणी परका घुसला. खाणं सोडून, पोटाशी बिलगलेल्या पिल्लासकट ते कुटुंब धावत येतं. असा फोटो मला नको.

“बाइदेउ (ताई), ऊपर नहीं, आगे देखिए,” वनरक्षक म्हणाला. मी नराच्या तोंडावर लेन्स रोखून होते. वनरक्षक मात्र पुढची फांदी बघत होता, जिच्यापलीकडे दुसरी नव्हती. त्याने माझी नजर तिकडे वळवली, म्हणून ती फ्रेम सापडली. नर फांदीच्या टोकाला येऊन थांबला, पलीकडे बघितलं, आल्या वाटेने परत गेला. हाच तो रुळांचा फोटो.

बाकी जंगलानेही भरभरून दिलं. लालबुंद तोंडाची, आखूड शेपटीची माकडं जमिनीवर टोळीने फिरत होती. टोपीवाले लंगूर दिसले. आपल्या शेकरूचा काळा भाऊबंद भेटला, त्याला बघून मी मोठ्याने हाक मारायचीच बाकी होते. जळवांसाठी खास मोजे न्या, मीठ-तंबाखूच्या भरवशावर राहू नका.

रुळांच्या प्रिंटचे पैसे लावलेली रोपं जगवायला जातील. गुरं राखायची, वेली काढायच्या, पहिले काही उन्हाळे पाणी द्यायचं. लावण्याला देणगी पटकन मिळते, राखणीला मिळत नाही. ज्यांना प्रिंट हवी त्यांनी भिंतीचं माप कळवा. चेहऱ्याचीही देईन, पण आधी रुळांची बघा.