तिकडची माणसं...

रविवारच्या मीटिंगमध्ये मी एकच वाक्य बोललो होतो. तेही अर्धं. तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटसाठी भाडेकरू आला होता, आधार कार्डावर पत्ता सेटलमेंट फ्री कॉलनीचा. मी म्हणालो, "जरा बघून द्या हं. तिकडची माणसं..." पुढं काही बोललोच नाही. तिकडची माणसं काय, असं कुणी विचारलंही नाही. माना हलल्या आणि विषय पार्किंगवर गेला.

काल बाबांच्या ट्रंकेत पास सापडला.

एलआयसीच्या पावत्या शोधत होतो. घड्यांवर फाटलेला, इंग्रजीत छापलेला कागद. रिकाम्या जागी शाईनं आजोबांचं नाव. कारण : बहिणीचं लग्न, बार्शी. मुदत दोन दिवस. खाली जांभळा अंगठा. आजोबांना सही यायची की. शेवटच्या अक्षराला शेपटी काढायचे. तरी अंगठाच घेतलाय.

बाबा म्हणाले, "कशाला उकरतो बे? ठेव होतं तिथं." एवढंच.

आजोबांना जेवायला हाक मारली की ते "हजर" म्हणायचे. आम्ही पोरं हसायचो, नक्कल करायचो. मला वाटायचं, गिरणीतली सवय असेल. सेटलमेंट म्हणजे इंग्रजांनी 'गुन्हेगार' ठरवलेल्या जमातींना डांबलेली तारेच्या कुंपणातली वस्ती. तारेच्या आत रोज हजेरी द्यावी लागायची, बाहेर जायला असा पास लागायचा, हे काल रात्री कळलं. या जमातींना जन्मानंच गुन्हेगार ठरवणारा १८७१ पासूनचा कायदा देशभरातून गेला ३१ ऑगस्ट १९५२ ला. देश सुटल्यावर पाच वर्षं सोळा दिवसांनी. १९३० मध्ये सोलापूरनं इंग्रजांना कसं पळवून लावलं, हे मी पाहुण्यांना चार हुतात्मा पुतळ्यापाशी उभं करून सांगतो. तेव्हाही याच गावात तारेच्या आत माणसं हजेरी देत होती. हे मात्र मी कुणाला सांगितलेलं नाही. मला तरी कुठं कुणी सांगितलं होतं?

रात्रभर बाबांचाच राग येत होता. अठ्ठेचाळीस वर्षं लपवलं. आधी माहीत असतं तर मी तसं बोललो नसतो.

पहाटे वाटलं, म्हणजे काय? आपली निघाली म्हणून गप्प बसलो असतो, नाहीतर चालू द्यायचं? आणि आजी... जाऊ दे, आजीचं नंतर कधीतरी.

ते वाक्य पुरं करून बघायचा प्रयत्न केला. तिकडची माणसं चोर असतात? असं मी बोललो नसतो, मी काय तसला माणूस आहे? म्हणून तर तीन टिंबं. बाकीचं समोरच्यानं भरायचं, आपले हात स्वच्छ.

गंमत म्हणजे आमच्या सोसायटीनं आजोबांचा पत्ता मागितला असता, तर मला इथं फ्लॅट मिळाला नसता. आणि "बघून द्या" म्हणायला माझ्यासारखाच कुणीतरी शहाणा पुढच्या खुर्चीत बसलेला असता.

सकाळी सेक्रेटरींना मेसेज केला : 'रविवारी मी बोललो ते चूक होतं. त्या माणसाला फ्लॅट द्यायला माझी काही हरकत नाही.' पासाबद्दल लिहिलं होतं, पाठवताना खोडलं. उत्तरादाखल त्यांचा अंगठा आला. रविवारीही त्यांनी ग्रुपवर असाच अंगठा टाकला होता. फ्लॅटचं काय झालं, अजून कळलेलं नाही.

दुपारी बाबांचा फोन. "कागद ठेवलास का जागेवर?"

"ठेवला," म्हणालो. माझ्या बॅगेत आहे, पासबुकाच्या कव्हरमध्ये.