आमची वाटचाल : समोरच्या बोर्डापासून पुढे

दारव्ह्यात केबल टीव्ही करता करता आम्ही इंटरनेटात शिरलो, आधी टॉवरवरून हवेतलं, मग फायबर. ते दिवस सगळ्या ऑपरेटरचे सारखेच गेले, त्याचं काय सांगू. मला सांगायचं ते २०१९ चं.

माझ्याकडे दोन पोट्टे होते. फायबर सोलणं, स्पिरिटनं पुसणं, क्लीव्हरमध्ये एका दमात सरळ कापणं, सगळं माझ्या टेबलावर शिकले. फायबर जोडायच्या मशीनवर सिग्नलची घट ०.०२ डीबी (डेसिबल) दिसली तर जॉइंट ठेवायचा, ०.१ दिसली की तोडायचा आणि परत करायचा, मग पाऊस असो की रात्र असो. दिवाळी झाली अन् दोघंही एकदम गेले, माझ्या दुकानाच्या समोरच बोर्ड लावला, महिन्याला शंभर रुपये कमी. माझी १४० कनेक्शनं गेली, गिऱ्हाइकांची यादी त्यांच्या मोबाइलमध्येच होती ना. ज्याच्याकडून आम्ही इंटरनेट घाऊक घ्यायचो त्या नागपूरवाल्याचं बँडविड्थचं बिल थकलं, बायकोचं सोनं बँकेत गेलं.

तेव्हा आमच्या जिनिंगवाल्या काकांकडेही ते पोट्टे जाऊन आले होते. हंगामात कापसाच्या गाठी भरलेला ट्रक उभा असतो, माल नेण्याचं ऑनलाइन ई-वे बिल निघालं नाही तर हलत नाही, त्यांना लाइन बंद पडून चालतच नाही. मला बोलावून म्हणाले, "काऊन घाबरतं? वर्षाचे पैसे आजच घेऊन जाय." त्या पैशातून बिल भरलं म्हणून दुकान उघडं राहिलं.

मग हळूहळू कळलं की जग असंच वाढलंय. १९५७ साली अमेरिकेत ट्रान्झिस्टरवाल्या शॉकलीच्या लॅबमधून आठ जण बाहेर पडले आणि फेअरचाइल्ड ही चिपची कंपनी काढली, तिच्यातल्याच दोघांनी १९६८ ला इंटेल काढली. बेंगळुरूत अॅमेझॉन सोडून दोघांनी २००७ ला फ्लिपकार्ट काढलं, आणि फ्लिपकार्टमधून निघालेल्यांनी २०१५ ला फोनपे. एकाच्या हाताखाली शिकलेला माणूस शेजारीच दुकान टाकतो, कारण काम जाणणारी पोरं, गिऱ्हाईक आणि माल तिथंच असतो. आमच्या गल्लीत आता कॅमेरेवाला आहे, वेबसाइटवाला आहे, फायबर ओढणारे दोन ठेकेदार आहेत. आधी एका स्प्लिटरसाठी, म्हणजे एका फायबरचे अनेक फाटे करणाऱ्या डबीसाठी, यवतमाळच्या एसटीची वाट पाहायचो, आता समोरून मागवतो.

नवीन पोरांनो, दुकान टाका, जरूर टाका, शहरात जायची गरज नाही. ओटीडीआर, म्हणजे फायबर कुठं तुटलं ते दाखवणारं यंत्र, सुरुवातीला भाड्यानं घ्या, क्लीव्हरचं ब्लेड वेळेवर फिरवा, आणि जिथं शिकलात तिथली यादी नेऊ नका.

मागच्या पावसाळ्यात झाड पडून समोरच्यांची मेन लाइन तुटली, त्यांचं फायबर जोडायचं मशीन नेमकं बंद. मोठा पोट्टा रात्री अकराला दारात आला, भिजलेला. मी मशीन दिलं, सोबत नवीन ब्लेडही दिलं. सकाळी पुसून, पेटीत नीट ठेवून परत आणलं त्यानं, चहाही घेतला. १४० कनेक्शनचं मात्र तो काही बोलला नाही.