वीस लुकलुकींना तीस सेकंद

महाप्याच्या एमआयडीसीत आमचं छोटं युनिट आहे. ठिबक सिंचनाचे व्हॉल्व्ह ठरल्या वेळी उघडून बंद करणारे कंट्रोलर आम्ही बनवतो. सप्टेंबरमधला शुक्रवार होता, बाहेर पाऊस लागलेला आणि नाशिकला जायचे चाळीस बोर्ड टेबलावर मांडलेले. द्राक्षाची छाटणी तोंडावर आली की तिकडचा डीलर एक दिवससुद्धा थांबत नाही. टेम्पो संध्याकाळी सहाला येणार होता.

अकराच्या सुमारास आमचा ज्युनिअर लॅपटॉप घेऊन आला. "मॅडम, कन्सोलवर नुसता कचरा येतोय."

कन्सोल म्हणजे बोर्ड वायरीवरून लॅपटॉपच्या स्क्रीनवर मजकूर पाठवतो ती सोय. एका नाही, चौदा बोर्डांवर. बूटलोडरची, म्हणजे वीज देताच आधी चालणाऱ्या छोट्या प्रोग्रामची, पहिली ओळ स्वच्छ, आणि लगेच पुढे प्रश्नचिन्हं, चौकोन, मधूनच एखादं सुटं अक्षर. अशा वेळी सगळे जे करतात ते आम्हीही केलं. ग्राउंडची वायर तपासली, यूएसबी कन्व्हर्टर बदलला, बॉड रेटचं, म्हणजे सेकंदाला किती बिट जातात त्याचं, ११५२०० चं सेटिंग पुन्हा पाहिलं, ९६०० पासून यादीतले सगळे रेट लावून बघितले. उपयोग शून्य.

मला दोन गोष्टी खटकत होत्या. पहिली ओळ नीट येते, म्हणजे वायर, कन्व्हर्टर, लॅपटॉप तिघंही निर्दोष. आणि रीसेट केलं की दर वेळी तोच कचरा, त्याच क्रमाने. नॉइज, म्हणजे वायरीतला विजेचा गोंधळ, असता तर दर वेळी वेगळं काहीतरी उमटलं असतं.

कन्सोलच्या सिरियल जोडणीत, म्हणजे एकामागून एक बिट पाठवण्याच्या या पद्धतीत, घड्याळाची वेगळी तार नसते. पाठवणारा आणि घेणारा आपापल्या घड्याळावर विसंबतात. ११५२०० ला एक बिट ८.६८ मायक्रोसेकंदांचा. प्रत्येक अक्षराआधीचा स्टार्ट बिट दिसला की घेणारा मोजायला लागतो आणि प्रत्येक बिटाच्या मध्यावर डोकावतो. दोघांच्या मोजणीत पाचेक टक्क्यांची तफावत पडली, तरी एका अक्षराच्या दहा बिटांच्या चौकटीत शेवटचा बिट हुकतो. आमचा बूटलोडर एसटीएम३२ चिपच्या आतल्या ऑसिलेटरवर, म्हणजे तिच्या स्वतःच्या घड्याळावर चालतो, आणि मुख्य प्रोग्राम सुरू होताच घड्याळाचे ठोके देणाऱ्या बाहेरच्या क्रिस्टलवर जातो. बिघाड त्या वळणावरच होता. पण नेमका काय?

तेवढ्यात साहेब आले. डीलरचे तीन फोन येऊन गेले होते. "रिले वाजतोय ना? व्हॉल्व्ह उघडतोय ना? मग कन्सोल शेतकऱ्याला कुठे लागतो? पाठवून देऊ." त्यांचंही चूक नव्हतं. कन्सोलची पिन बंद डब्याच्या आत राहते, ती फक्त आमच्या कामाची. पण मला कारण सांगता येत नसताना माल सोडायचा धीर होईना. मी एक तास मागून घेतला.

टेस्टिंगच्या टेबलावरच्या ताई हे सगळं ऐकत होत्या. पाच वर्षं त्या एकच काम करतात : बोर्डाला सप्लाय द्यायचा, दिवा लुकलुकला की शीटवर टिक करायची. त्या म्हणाल्या, "मॅडम, ह्या चौदांचा दिवा आळशी आहे."

"म्हणजे?"

"बाकीचे कसे टिकटिक लागतात. हे दमल्यासारखे लागतायत. सकाळपासून बघतेय मी. पण लागतायत म्हणून टिक केली."

तो दिवा सेकंदाला एकदा लागावा असा प्रोग्राम मी स्वतः लिहिलेला आहे. सकाळपासून स्क्रीनवरचा कचरा बघत बसले होते आणि दोन बोटांवरच्या दिव्याकडे माझं लक्षच नव्हतं. मोबाइलचं स्टॉपवॉच लावलं. चांगल्या बोर्डाच्या वीस लुकलुकींना वीस सेकंद. बिघडलेल्याच्या वीसला तीस. दुसरा घेतला, तीस. तिसरा, तीस.

म्हणजे वेग बरोबर दोन तृतीयांश. आमचं क्रिस्टल १२ मेगाहर्ट्झचं, त्याचे दोन तृतीयांश ८. सहाने गुणून ७२ मेगाहर्ट्झवर धावायला हवी ती चिप ४८ वर चालली होती. मग ११५२०० चं झालं ७६८००. आमच्या लॅपटॉपवरच्या टर्मिनल प्रोग्रामच्या यादीत ५७६०० नंतर थेट ११५२०० आहे, त्यामुळे तो आकडा हाताने टाकला. बोर्ड रीसेट केला. आता बूटलोडरची ओळ कचरा झाली आणि बाकीचं सगळं लखलखीत वाचता आलं.

तरी खात्री हवी होती. बोर्डाला सतत कॅपिटल 'यू' पाठवायला लावला. या अक्षराचे बिट एकाआड एक बदलतात, त्यामुळे स्टार्ट-स्टॉप बिट धरून, विजेच्या लाटा दाखवणाऱ्या ऑसिलोस्कोपवर अखंड चौकोनी लाट दिसते. बिटाची रुंदी १३ मायक्रोसेकंद भरली. हिशेब जुळला.

क्रिस्टल कंपनाने हलू नये म्हणून त्यावर पांढऱ्या सिलिकॉनचा थेंब असतो. ज्युनिअरने ब्लेडने तो खरवडला. खाली पत्र्यावर कोरलेलं : ८.०००. शेजारच्या चांगल्या बोर्डावर १२.०००. सुटे भाग बसवून देणाऱ्या युनिटला फोन केला, तर आमच्या कामाच्या मधेच त्यांच्याकडे क्रिस्टलची दुसरी पिशवी उघडली गेली होती.

मी साहेबांकडे गेले. आमच्या कंट्रोलरमध्ये पाण्याची मिनिटंही त्याच क्रिस्टलवर मोजली जातात. शेतकऱ्याने चाळीस मिनिटं लावली असती, तर पाणी साठ मिनिटं चाललं असतं. खत सोडतानाही तसंच. एवढं ऐकल्यावर साहेब काही बोलले नाहीत. त्यांनी स्वतः डीलरला फोन लावला आणि सांगितलं, "आज सव्वीस येतील, चौदा उद्या."

कोपरखैरणेहून नेहमीची ठाणे लोकल त्या दिवशी माझी चुकली. चौदा क्रिस्टल काढून नवी बसवेपर्यंत साडेनऊ वाजले. ताईही थांबल्या होत्या, कुणी सांगितलं नव्हतं. टेस्टिंगच्या शीटवर त्यांनी पेनाने एक नवा रकाना आखला होता, 'वीस लुकलुक - सेकंद', आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत एकेक बोर्ड मोजत होत्या. चौदाव्याला माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "वीस," आणि आकडा लिहिला.