‘हा क्रमांक आधीच नोंदवलेला आहे’

पक्षाचं नाव लिहीत नाही. कुठला असेल याचा अंदाजही बांधू नका, कारण दुसऱ्या पक्षांतल्या मित्रांना सांगितलं तर तेही ‘आमच्याकडे पण’ म्हणून हसले.

मला सक्रिय सदस्य व्हायचं होतं. मार्च २०२२ मध्ये मुंबई महापालिकेची मुदत संपली आणि २२७ प्रभागांना नगरसेवकच उरले नाहीत. आमच्या भांडुपच्या गल्लीतलं गटार तुंबलं की सांगायचं कुणाला? म्हटलं, पक्षाच्या प्रभाग समितीत जाऊन बसावं, निदान कुणीतरी ऐकेल. बाबांनी लालबागला हेच केलं होतं.

अ‍ॅप उतरवलं, फोटो काढला, मतदार ओळखपत्राचा क्रमांक टाकला. पाच मिनिटांचं काम. शेवटी मोबाइल नंबर टाकला आणि लाल अक्षरांत उमटलं: ‘हा क्रमांक आधीच नोंदवलेला आहे.’

हेल्पलाइन लावली. सदस्य होण्यासाठी १ दाबा, देणगीसाठी २ दाबा. तिसरा पर्याय नाही. मी चिडून ९ दाबला, तर पक्षगीत लागलं.

शनिवारी कार्यालयात गेलो. टॅब घेऊन बसलेला पोरगा खूश झाला. ‘काका, मग तुम्ही सदस्य आहातच की!’ त्याने स्क्रीन माझ्याकडे वळवली. नंबर माझा, नाव कुणा बाईचं, वय २४, प्रभाग भलताच. मग डोक्यात प्रकाश पडला. गणपतीत मंडळाने नेत्रतपासणी शिबिर ठेवलं होतं. ‘ओटीपी सांगा, चष्म्याचं कूपन येईल,’ असं एका कार्यकर्त्याने म्हटलं आणि मी शहाण्यासारखा सांगून मोकळा झालो. कूपन अजून यायचंय. (ओटीपी कुणालाही सांगू नका हे बँकवाले ओरडून सांगतात, पक्षाच्या बाबतीतही तेच धरा.)

‘हे नाव काढून टाक,’ मी म्हटलं.

‘वाढवायचं बटण माझ्याकडे आहे काका, काढायचं वर आहे.’

‘वर म्हणजे कुठे?’

‘वर म्हणजे… वरच.’

पुढच्या शनिवारी कार्यालयाला कुलूप, सगळे सभेला. त्याच्या पुढच्या शनिवारी लेखी अर्ज दिला, आधारची झेरॉक्स जोडून. पोचपावती मागितली तर पोरगा माझ्याकडे असा बघायला लागला, जणू मी पोस्टकार्ड मागितलं. शेवटी त्याने अर्जाचा फोटो काढला आणि म्हणाला, ‘ग्रुपवर टाकतो.’ अर्ज न्यायचा असेल तर दोन प्रती न्या आणि एकीवर सही-तारीख घेतल्याशिवाय उठू नका. मी उठलो आणि पाच आठवडे वाया घालवले.

त्या पाच आठवड्यांत घरात माझी भरपूर करमणूक झाली. मुलगी टीवायबीएला आहे, राज्यशास्त्र घेऊन. ती म्हणाली, ओटो किर्कहायमर नावाच्या अभ्यासकाने १९६६ मध्येच लिहून ठेवलंय, की एकाच वर्गाला धरून चालणारे पक्ष आता जमेल त्या सगळ्यांना कवेत घेऊ लागलेत. मी म्हटलं, मला तर नाव आणि वय बदलून कवेत घेतलंय. मग तिने ब्रिटनच्या लेबर पक्षाची गोष्ट सांगितली. २०१५ मध्ये ३ पौंड भरून कुणालाही नेतानिवडीत मत देता आलं, जेरेमी कॉर्बिन निवडून आले, आणि पुढच्याच वर्षी तीच फी २५ पौंड झाली, तीही दोनच दिवसांच्या मुदतीत. म्हणजे त्यांना दार बंद करायचं बटण तरी सापडलं.

बाबांची पावती ट्रंकेत अजून आहे. कार्बनची निळी अक्षरं, खाली सही. काँग्रेसने १९२० च्या नागपूर अधिवेशनात चार आणे वर्गणी ठरवली तेव्हापासूनची ही रीत, मग बाकीच्यांनीही उचलली. आमच्या चाळीत वर्गणी घ्यायला येणारा माणूस तीन जिने चढून यायचा, चहा घ्यायचा आणि रेशनच्या तांदळावरून आईच्या शिव्याही खायचा. मिस्ड कॉल देऊन सदस्य होता येतं हे पहिल्यांदा ऐकलं, २०१५ च्या आसपास, तेव्हा मीच कौतुक केलं होतं. जिने नाहीत, सुट्ट्या पैशांची कटकट नाही.

वाट सापडली ती बूथप्रमुखांमुळे. साठीचे गृहस्थ, मूळचे काळाचौकीचे, म्हणजे आमच्याच बाजूचे. ‘ते नाव निघत नसतं हो,’ ते हळूच म्हणाले. ‘ज्या कार्यकर्त्याच्या कोडवर ते पडलंय, त्याने जमवलेल्या सदस्यांचा आकडा कमी होतो. नवीन सिम घ्या.’ तेव्हा तुमचा नंबर अडकला तर टॅबवाल्याकडे जाऊच नका, आधी मतदार यादी हातात घेऊन फिरणारा म्हातारा माणूस शोधा. हे मला पहिल्या शनिवारी कुणी सांगितलं असतं तर!

नव्या सिमवर दहा मिनिटांत प्राथमिक सदस्य झालो. सक्रिय होण्यासाठी २५ नावं लागतात, ती सोसायटीतच मिळाली. प्रत्येकाला विचारून घेतली, हे मुद्दाम सांगतो. पक्षाच्या हिशेबात मी आता दोन माणसं आहे. जुन्या नंबरवर परवा ‘ताई, वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा’ आलं, नेत्याच्या फोटोसकट.

समितीची पहिली बैठक गेल्या रविवारी झाली. गटाराचा विषय मी काढला, तो लिहून घेतला. मुख्य विषय होता, महिनाअखेरपर्यंत प्रत्येकाने आणखी ५० सदस्य आणायचे. बायकोचा नंबर मी अजून दिलेला नाही.