त्या दिवशी दोर टाकला नाही

चिखलदऱ्याजवळच्या एका कड्यावर गावच्या पोरांना रॅपलिंग, म्हणजे दोरावरून कडा उतरणं, शिकवायला लागून मला दोन हंगाम झाले होते. नोव्हेंबरातली सकाळ. अकोल्याहून 14 पाहुणे रॅपलिंगला आले होते. आदल्या दुपारी कडा मी स्वतः पाहिला होता. दोर बांधायचे दोन स्वतंत्र अँकर, 11 मिलिमीटरचा दोर, कमरेचे पट्टे म्हणजे हार्नेस, हेल्मेट, सगळं जागच्या जागी.

सातच्या सुमारास आमच्यातला एक कोरकू आदिवासी पोरगा धापा टाकत वर आला. "सर, दोर टाकू नोका. खाली आग्या बसला हाये."

पावसाळा सरला की आग्या मधमाश्या कडेकपारी धरतात, हे मला ठाऊक होतं. पण काल तिथे एक माशी नव्हती! थवा सांजेला उतरला असावा. मी म्हणालो, चाळीस फूट बाजूला लावू.

"दोर घासला का गोटा सुटते सर. पोळ्यावर पडला तं पळाले जागा कोठी हाये?"

खरंच कुठे होती? दोरावर अर्ध्यात लटकलेला माणूस ना वर येऊ शकत, ना झटकन खाली. आणि एक माशी डसली की त्या वासाने बाकीच्या तुटून पडतात. मी दोर गुंडाळला.

मला हलवलं ते पुढचं. पोरांना मजुरी मी दोर उतरवण्याच्या हिशोबाने देत होतो. दोर नाही तर पैसे नाहीत. म्हणजे 'नाही' म्हणताना त्या पोराने स्वतःची त्या दिवसाची मजुरी सोडली होती, आणि ही रीत मीच घातली होती. साहसी पर्यटन गावात आणायचं म्हणून आम्ही साहित्यावर, प्रशिक्षणावर, नोंदणीवर इतकं बोलतो. पण थांबवणाऱ्याचं पोट कशावर चालणार, हे मी कधी विचारलंच नव्हतं.

पाहुण्यांचे रॅपलिंगचे पैसे परत केले. पोरांनी त्यांना कोदो-कुटकी या भरडधान्यांची शेतं दाखवली, एका घरी भाकर-झुणका झाला. दोघं नाराज होऊन गेले. सहाही पोरांना त्याच संध्याकाळी पूर्ण मजुरी दिली. तेव्हापासून दोर पडो न पडो, दिवसाची मजुरी ठरलेली, आणि सकाळी कडा पाहून होकार द्यायचा तो गावच्याच पोराने.

पाचव्या दिवशी फोन आला. "माशी उठली सर. पण आजच्या दिस थांबा, उद्या पुन्हा पायतो, मंग सांगतो."